गांधीलमाशीच्या घरच्या भानगडी

"मागच्या गल्लीत काल रात्री टेंभा पेटला, कळलं का वो अक्का?"

वैनींकडं बातमी असली की पाण्याचा पाइप हौदात सोडून त्या थेट भिंतीशी येतात. आमच्या जुळे सोलापुरात नळ चार-पाच दिवसांनी एकदा येतो, त्यामुळं तो येतो त्या दिवशी अख्खी गल्ली अंगणात असते. हौद, टाकी, पिंपं, कळश्या, शेवटी पातेली. हात कामात गुंततात, तोंड मोकळं राहतं, आणि मधली भिंत जेमतेम छातीएवढी.

"टेंभा कशाला? लाइट गेली होती?"

"लाइट कुठली! गांधीलमाश्या जाळायला. ते बँकेतून रिटायर झालेले काका नाहीत का, त्यांच्या गॅलरीच्या छज्ज्याला माश्यांनी घर केलं होतं. काकांनी बांबूला चिंध्या गुंडाळल्या, रॉकेल आता मिळत नाही म्हणून गाडीतलं पेट्रोल ओतलं, आणि नातवाला म्हणाले, बघ आता मजा. माश्या राहिल्या बाजूला, गॅलरीची ताडपत्री पेटली. ती विझवता विझवता काकांना चांगल्याच चावल्या. एक तर नेमकी भुवईवर. सकाळी दूध घ्यायला आले होते, एका डोळ्यानं बघत."

"अरे देवा. आणि माश्यांचं घर?"

"अर्धं जळलं, अर्धं तसंच. उरलेल्या माश्या परत येऊन बसल्यात की त्याच्यावर. हसू नका अक्का. तसलंच प्रकरण आमच्याकडंबी आहे, म्हणून तर आले."

वैनींचं प्रकरण असं. पाडवा तोंडावर आला, दुपारी पत्रा तापायला लागला, म्हणून मुलाला त्यांनी गच्चीवरच्या खोलीतला कूलर खाली आणायला सांगितलं. त्यानं मागची जाळी सैल केली तर आत गवताच्या वरच्या कोपऱ्यात हाताच्या पंज्याएवढं करडं पोळं, आणि त्यावर दाटीनं बसलेल्या माश्या. पोरगं जाळी तिथंच टाकून तीन पायऱ्या एकदम उतरलं. आता त्याचं म्हणणं असं, की किडे मारायचा फवारा आत मारतो आणि वर कूलर फुल स्पीडवर चालू करतो.

"म्हणजे गार वाऱ्याबरोबर माश्या खोलीभर," पलीकडच्या भिंतीवरून आवाज आला. मास्तर नळाच्या तोंडाला गाळणीचं फडकं बांधत होते. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस, कुणी चुकीचं काही बोललं की त्यांना राहवत नाही. "आणि फवाऱ्याच्या डब्यात असतो ज्वलनशील वायू. बटणाची ठिणगी, मोटार, फवारा, वाळलेलं गवत. तुमच्याकडं टेंभ्याचीसुद्धा गरज पडणार नाही वैनी."

"मग काय करायचं ते तरी सांगा की."

"आधी सांगा, घर मातीचं आहे का कागदाचं?"

वैनींनी माझ्याकडं पाहिलं. माश्यांच्या घराला बांधकामाचा प्रकार असतो हे त्यांना नवीन होतं. मला नव्हतं, कारण कारागीर आमच्याच दारात काम करत होते. आमची जुनी लाकडी शिडी मागच्या दाराशी उभी असते. ऊनपावसानं ती पार राखाडी झाली आहे. तिच्यावर सकाळी एखादी गांधीलमाशी येऊन बसते, डोकं खाली घालते आणि मागं मागं सरकत लाकूड तासत जाते. जवळ कान नेला तर कुरकुर ऐकू येते. माशी उडाली की मागं बोटाच्या पेराएवढी एक फिकट रेघ राहते. शिडीवर आता अशा रेघाच रेघा आहेत. ते तासलेलं लाकूड थुंकीत मळायचं, त्याचा लगदा करायचा आणि पातळ पातळ लावून सहा कोपऱ्यांची घरं उभी करायची. कूलरमधलं ते करडं पोळं म्हणजे आमच्या शिडीचा कागद असणार.

"घ्या! म्हणजे माल तुमचा आणि बांधकाम आमच्याकडं," वैनी म्हणाल्या.

मास्तरांनी खुलासा केला. कागदाचं घर एका बारीक देठाला उलटं लटकतं. देठ एकच, कारण मुंग्यांना वर यायचा रस्ताही मग एकच उरतो. त्यांच्यातल्या बऱ्याच जाती तर त्या देठाला पोटातून पाझरणारा काळपट लेप चोपडतात, त्याच्या वासानं मुंगी मागं फिरते. घर उघडंच असतं, कप्प्यांची तोंडं खाली, आत अळ्या. ज्यांचं घर मातीचं, त्या वेगळ्या.

"त्या कुंभारणी," मी म्हटलं.

"त्यांच्यावर येऊ नंतर. मला आधी ह्यांच्या घरातलं सांगा मास्तर. एवढ्या बाया एका घरात म्हणजे भांडणं असणारच. राणी कुठली? ती मोठी, अंगावर येणारी?"

मास्तर हसले. फडकं बांधून झालं होतं, त्यामुळं तेही आता भिंतीशी आले. "बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर म्हणून मोठे शास्त्रज्ञ आहेत."

"गदगकर? आपल्या सोलापूर-गदग रेल्वेच्या गदगचे?"

"आडनावावरून मूळ तिकडचं असेल. तर त्यांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं आपल्याकडच्या ह्याच गांधीलमाशीचा संसार बघण्यात घालवली. रोपालिडिया मार्जिनाटा तिचं शास्त्रीय नाव. घरातल्या एकेका माशीच्या अंगावर वेगळ्या रंगाचा ठिपका द्यायचा, म्हणजे ओळख पटते. मग समोर बसायचं आणि टिपून ठेवायचं. कोण बाहेर गेली, कोण काय घेऊन आली, कुणी कुणाचं ओढून घेतलं, कोण कुणाच्या अंगावर धावली, कोण नुसतीच बसून राहिली."

वैनींचा पाइप हौदातून बाहेर पडून तुळशीकडं पाणी सोडत होता, पण त्यांचं लक्ष नव्हतं. "आणि ह्याचा पगार मिळतो?"

"पगार काय, 2001 साली हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनानं त्यांचं जाडजूड पुस्तक काढलं."

"बघा अक्का! हेच आपण इथं उभं राहून फुकट करतो तर आमचे हे म्हणतात, रिकामटेकड्या."

गदगकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्येच ह्या माश्यांचे तीन प्रकार पाडले, मास्तर सांगू लागले. बसणाऱ्या, भांडणाऱ्या आणि राबणाऱ्या. वैनींनी ताबडतोब गल्लीतली घरं वाटून टाकली. राबणाऱ्यांत त्यांनी स्वतःला आणि मला घातलं. भांडणाऱ्यांत कोपऱ्यावरच्या दोघी जावा. बसणाऱ्यांत कोण, ते लिहिण्यासारखं नाही.

"आणि राणी भांडणाऱ्यांतली," वैनींनी निकाल दिला.

"तिथंच सगळे चुकतात. ह्या जातीची राणी बसणाऱ्यांतली निघाली. गरीब गाय. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. कामाला कुणी कधी जायचं हेही ती सांगत नाही, ते बाकीच्या आपापसांत ठरवतात. ती फक्त अंडी घालते आणि घरभर पोट घासत फिरते. त्या घासण्यातून तिचा वास घराला लागतो. वास आहे तोवर सगळ्यांना कळतं की राणी आहे."

"आणि ती गेली तर?"

मास्तरांनी इथं आवाज उतरवला. मुरलेल्या मास्तरांना वर्ग कुठं गप्प करायचा ते कळतं. "राणीला चिमट्यानं उचलून बाजूला काढलं, की थोड्याच वेळात एक माशी एकदम खवळते. त्या क्षणापर्यंत ती इतरांसारखीच असते, दिसायला, वागायला, सगळ्यात. खवळली की दिसेल तिला चावते, ढकलते. राणीला परत आणून ठेवलं तर ही पुन्हा मुकाट. नाही आणलं तर काही दिवसांत हीच अंडी घालायला लागते, आणि तिचाही राग ओसरतो. तीही गरीब गाय."

"सत्ता मिळेपर्यंत तणतण, मिळाली की शांत," मी म्हटलं.

"पुढचं ऐका. ती कोण असणार ते आधी ओळखता येतं का, म्हणून ह्या लोकांनी नाना परीनं मोजमापं केली. वय, वजन, भांडखोरपणा. काही केल्या ओळखता येईना. तेव्हा त्यांनी पोळं मधोमध कापलं, मध्ये जाळी लावली आणि राणीला कधी इकडं, कधी तिकडं ठेवून पाहिलं. 2008 मध्ये ते छापून आलं. निष्कर्ष असा, की वारसदार कोण ते आपल्याला कळत नाही, पण माश्यांना ठाऊक असतं. ती उठली की एकही जण तिला आडवी जात नाही."

ह्यावर वैनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांच्या घरात तीन जावा आहेत.

तेवढ्यात भांडीवाली मावशी आली आणि तिनं भरलेल्या पिंपाजवळ टॉवेल झटकायला सुरुवात केली. "हुस्स! बगा की वो काकू, पाणी आलं की ह्याबी आल्या." पिंपाच्या काठावर दोन माश्या मान खाली घालून पाणी पीत होत्या. मास्तरांनी तिला थांबवलं. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा 43-44 ला टेकला की पोळ्यातल्या अळ्या उकडून निघतील, म्हणून माश्या पाणी नेतात, कप्प्यांवर थेंब थेंब पसरतात आणि पंखांनी वारा घालतात.

"म्हणजे कूलरच की," वैनी म्हणाल्या. "कूलरमध्ये कूलर."

पाणी भरायला आलेली माशी डसायला आलेली नसते. तिच्यावर टॉवेल झटकला, ती मुठीत किंवा पदरात सापडली, की मग डसते. पिंपाला झाकण घातलं, गळका नळ बांधला, की तिचं येणं कमी होतं. झाकण तसंही घालायचंच असतं. साठवलेल्या पाण्यात डेंगीचे डास होतात, ते सोलापूरकरांना मास्तरांनी सांगायची गरज नाही.

आमच्या भिंतीला लागून कढीपत्त्याचं झाड आहे, दोन्ही घरांना पुरतं. दर वर्षी त्यावर लिंबाच्या फुलपाखराच्या हिरव्या अळ्या पडतात आणि आठवडाभरात फांद्या बोडक्या करतात. परवा त्यावर मी एक गांधीलमाशी पाहिली होती. तिनं अळी पायांत धरली, तोंडानं सोलली, चावून चावून तिची ज्वारीच्या दाण्याएवढी हिरवी गोळी केली आणि ती तोंडात धरून वैनींच्या गच्चीकडं गेली. ते मी आता सांगितलं. पोळ्यातल्या अळ्यांना हाच खाऊ. मोठ्या माश्या स्वतः गोडावर जगतात, फुलांतला रस, पिकली फळं. विजापूर वेशीत खजुराच्या गाडीवर किंवा उसाच्या रसाच्या गुऱ्हाळावर त्या घोंघावतात त्या स्वतःच्या पोटासाठी. अळ्या नेतात त्या पोरांसाठी.

"म्हणजे वांग्यावरच्या अळ्यासुद्धा नेतील?"

"पानावर उघड्या दिसतील त्या नेतील. वांग्याच्या आत शिरलेली अळी तिला कशी सापडणार? ती आपल्याला चिरतानाच सापडते."

इतक्यात वैनींचे मामंजी काठी टेकत ओट्यावर येऊन बसले. गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी वर्षानुवर्षं न चुकवलेली. माश्यांचा विषय त्यांच्या कानावर पडला होता.

"देवघराच्या मागं कुंभारणीनं घर केलंय," ते म्हणाले. "त्याला हात लावू नका सूनबाई. कुंभारीण घरात आली की पाळणा हलतो."

वैनी लाजल्या नाहीत, कारण पाळणा हलायचा तर तो आता सुनेचा. त्यांचा प्रश्न वेगळा होता. "ती डसते का वो?"

कुंभारीण एकटी. तिला ना राणी, ना फौज, ना राखायला खजिना. ओल्या जागेवर ती उतरते, तोंडानं चिखलाची गोळी करते, भिंतीवर नेऊन थापते आणि थापताना बारीक गुणगुण करते. घर बांधून झालं की भरून, लिंपून निघून जाते, त्यामुळं पोळ्याजवळ गेलं म्हणून चालून येत नाही. मुठीत पकडली तरच डसेल. तिच्यातही दोन घराणी आहेत. एकीचं घर म्हणजे फोटोच्या मागं, पडद्याच्या दांडीवर, कुलपाच्या भोकात थापलेलं मातीचं ढेकूळ. ते फोडलं तर आत कोळीच कोळी निघतात, मेलेले नाहीत, लुळे पडलेले. दुसरी भिंतीला किंवा काटकीला चिमुकलं मडकं चिकटवते, त्याला काठसुद्धा असतो. तिच्या मडक्यात अळ्या.

"तीच भिंगुरटी," मामंजी म्हणाले. "अळीला मातीच्या घरात कोंडते. बाहेर गुणगुण करत राहते. अळी भिऊन रात्रंदिवस तिचाच ध्यास घेते, आणि ध्यास घेता घेता भिंगुरटीच होऊन बाहेर पडते. जिवानं देवाचा ध्यास असा घ्यावा."

कीर्तनात हा दृष्टांत ऐकला नाही असा माणूस आपल्या जिल्ह्यात सापडायचा नाही. कीटक-भृंग न्याय म्हणतात तो हाच. मास्तरांची मात्र अडचण झाली. खरं सांगावं तर म्हाताऱ्या माणसाचं मन दुखायचं, गप्प बसावं तर तीस वर्षांची मास्तरकी आड यायची. शेवटी ते हळूच म्हणाले, "अण्णा, बघणाऱ्यांनी बघितलं होतं ते बरोबरच. आत अळी गेली, घर बंद झालं, आणि फोडून बाहेर आली ती भिंगुरटी. मधलं तेवढं भिंतीआड होतं. भिंगुरटी मडक्यात आधी आपलं अंडं ठेवते, मग अळीला डंख मारून लुळी करते आणि आत कोंडते. अंड्यातून जे पिल्लू निघतं ते अळ्या खात वाढतं. ताजी शिदोरी. मेलेली अळी कुजली असती."

मामंजींनी डोळे मिटले. आम्हाला वाटलं, रागावले. मग ते म्हणाले, "मास्तर, अळीनं ध्यास घेतला काय, अन् अळीचा घास घेतला काय. शेवटी निघाली ती भिंगुरटीच ना?"

मास्तरांनी हात जोडले.

"असल्या गोष्टी फोडून बघू नयेत," वैनी म्हणाल्या. "उंबर फोडून केंबरं कशाला उडवायची?"

"तुम्ही म्हणता ती केंबरंसुद्धा ह्यांच्याच कुळातली," मास्तर म्हणाले, कारण आता त्यांना थांबवणं शक्य नव्हतं. उंबर हे फळ दिसतं, पण आत फुलं असतात. टोकाच्या बारीक भोकातून चिलटाएवढी माशी आत शिरते, परागकण नेते, अंडी घालते आणि आतच मरते. तिची पिल्लं बाहेर पडताना पराग घेऊन दुसऱ्या उंबरात जातात. उंबराची माशी वेगळी, वडाची वेगळी, पिंपळाची वेगळी. माशी नाही तर बी नाही.

"म्हणजे अक्कलकोटचा वटवृक्षसुद्धा?" वैनी दर गुरुवारी स्वामींना जातात.

"कुठलाही वड बियांतून आला असेल, तर त्याच्या मागं ती माशी आहेच."

वैनींनी नकळत हात जोडले; स्वामींना की माशीला, ते कळलं नाही. पण त्यांना आणखी एक आठवलं. त्यांचा भाऊ माढ्याला ऊस करतो. तो कृषी विज्ञान केंद्रातून ठिपक्यांची कार्डं आणून उसाच्या पानांना टाचतो, ती कशाची? मास्तर म्हणाले, तीही हीच मंडळी. ट्रायकोग्रामा नावाची माशी, टाचणीच्या डोक्याहून लहान. ती खोडकिडीच्या पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते, त्यामुळं किडीऐवजी माशी निघते. कार्डावरचे ते ठिपके म्हणजे तांदळावरच्या पतंगाची अंडी, त्यात ट्रायकोग्रामा आधीच वाढत ठेवलेली, एका कार्डावर सुमारे 20,000. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने इतके, आणि त्या उसाला राखण कुणाची, तर जिच्या भावकीला आपण टेंभा लावतो तिची.

"पण मास्तर, सगळ्यांचंच एवढं कौतुक नको," मी म्हटलं. "ती तांबडी?"

तांबडीचं नाव काढल्यावर मावशीसुद्धा भांडी ठेवून आली. अंगानं तांबूस, पोटावर रुंद पिवळा पट्टा, बोटाच्या दोन पेरांएवढी. मावशीच्या माहेरच्या धाब्याच्या घरात तिनं भिंतीच्या भोकात घर केलं होतं, आणि शेळी बांधायला गेलेल्या चुलत्याला आठ दिवस खाटेवर पाडलं होतं. ही गांधीलमाशीची थोरली जात. जमिनीतली बिळं, जुन्या भिंतीतल्या पोकळ्या, तिथं ती आत राहते. बाहेरून फक्त भोक दिसतं. मास्तरांच्या मते घराच्या आसपास खरं जपायचं ते हिलाच, कारण घर दिसत नाही, किती जणी आहेत ते कळत नाही, आणि उन्हात ती अधिकच जोमात असते. तिच्या पोटावरचा तो पिवळा पट्टा ऊन शोषून घेतो, असं इस्राएलमधल्या संशोधकांनी 2010 मध्ये दाखवलं. 2024 मध्ये तिथल्याच तेल अवीव विद्यापीठानं तिला दारू पाजून पाहिली. 80 टक्के अल्कोहोलचं साखरपाणी आठवडाभर दिलं, तरी ना झिंगली, ना लवकर मेली. घर बांधायचं काम नेटानं चालू.

"आमच्या शेजारच्याला दाखवा म्हणावं तिला," मावशी म्हणाली.

तांबडीच्या भोकात बोळा कोंबायचा नाही, सिमेंट लिंपायचं नाही. बाहेरची वाट बंद झाली की ती दुसरी कोरते, आणि ती कधी कधी आपल्या खोलीत निघते. रॉकेल, पेट्रोल ओतायचं नाही. तिच्यासाठी पेस्ट कंट्रोलवाला माणूसच बोलवायचा, अंगभर पोशाख असलेला. कुणी सापडलं नाही तर महापालिकेच्या अग्निशमन दलाला 101 वर फोन करून विचारायचं.

"आणि आग्या मोहोळ?"

आग्या मोहोळ मधमाश्यांचं. मेणाचं एकच मोठं पोळं, उंच इमारतीला, पाण्याच्या टाकीला किंवा झाडाला. ह्यात आणि गांधीलमाशीत गल्लत करायची नाही. मधमाशीची नांगी कातडीत अडकून राहते, ती नखानं खरवडून लगेच काढायची. गांधीलमाशीची अडकत नाही, म्हणून ती एकटीच पुन्हा पुन्हा डसू शकते. आणि मधमाश्यांचा थवा प्रवासात एखाद्या फांदीवर टेकला, तर बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत आपणहून पुढं जातो. त्याला धूर, दगड, पाणी काही नको.

"डसते ती बाईच असते म्हणे?" वैनींनी विचारलं.

"नांगी म्हणजे मुळात अंडी घालायची नळी. त्यामुळं नराला ती असतच नाही."

वैनींना हे इतकं आवडलं, की त्यांनी ते घरात ओरडून यजमानांना सांगितलं. आतून उत्तर आलं नाही.

डसल्यावर काय लावायचं, ह्यावर मात्र तिघींचे तीन वैद्य झाले. मावशीचा चुना, वैनींची किल्ली, म्हणजे लोखंड घासायचं, आणि माझ्या आईची हळद. मास्तरांनी तिन्ही बाजूला सारली. विष कातडीखाली जातं, वरून चुना फासून ते उतरत नाही. साबणानं धुवायचं, फडक्यात बर्फ गुंडाळून धरायचा, बोटात अंगठी किंवा हातात बांगडी असेल तर सूज चढायच्या आत काढायची. दुखणं, लाली, सूज एवढ्यावरच राहिलं तर दोन दिवसांत जातं. पण अंगभर गांध्या उठल्या, ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, आवाज बसला, उलटी झाली किंवा चक्कर आली, तर चुना शोधत बसायचं नाही. 108 ला फोन, नाहीतर रिक्षा करून सरळ सिव्हिल. तिथं मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन देतात, तेच जीव वाचवतं. तोंडात किंवा घशात डसली तरी तेच. आणि एकाच वेळी खूप माश्या डसल्या तर वरवर माणूस बरा दिसला तरी दवाखान्यात दाखवायचं. जास्त विषानं पुढच्या काही दिवसांत मूत्रपिंडं बिघडू शकतात.

"काकांना सांगायला पाहिजे," वैनी गंभीर झाल्या. "भुवई सोडून बाकी ठीक होते, तरी सांगते. पण आता माझ्या कूलरचं बोला."

मास्तरांनी विचारलं, एकूण घरं किती आहेत तुमच्याकडं? वैनींनी मोजली. एक कूलरमध्ये. एक गच्चीच्या मागच्या छज्ज्याला, उंच, जिथं कुणी जात नाही. एक देवघरामागं कुंभारणीचं. आणि एक फाटकाच्या वरच्या कोनात, कालपरवाच सुरू झालेलं, रुपयाएवढं, त्यावर एकच माशी.

मग भिंतीवर निवाडा झाला. जागा बघायची. माणसाची ये-जा असेल, पोरांचा हात पोचत असेल, कधी ना कधी झाकण, खिडकी किंवा जाळी उघडायची असेल, तिथलं घर हलवायचं. बाकीच्यांना राहू द्यायचं. कुंभारीण तशीच. छज्ज्यावरचं तसंच, तिथल्या माश्या कढीपत्ता राखतात. फाटकावरचं उद्याच काढायचं, कारण पुढं ते एकीचं राहणार नाही. उजाडायच्या आत, गारव्यात, लांब बांबूनं एकदाच ढकलायचं आणि घरात जायचं. शिडीवर, स्टुलावर चढून नाही. माशी उडून गेली की उरलेला देठ खरवडायचा, जागा साबणाच्या पाण्यानं पुसायची, नाहीतर ती त्याच जागी पुन्हा सुरुवात करते. ज्याला आधी कधी डसून अंगभर गांध्या उठल्या असतील त्यानं ह्यात पडायचंच नाही. कूलरमधलं मात्र भरलेलं घर, बंद पेटीत, विजेच्या मोटारीशेजारी. त्याला घरच्यांनी हात लावायचा नाही. वायर काढून ठेवायची, खोलीला कडी घालायची आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला अंधार पडल्यावर बोलवायचं, सगळ्या घरी परतलेल्या असतात तेव्हा. मग गवत बदलायचं. पुढच्या वर्षी पावसाळ्यात कूलर ठेवताना जुन्या चादरीत गुंडाळून ठेवायचा.

"चादर जुनी काढायची म्हणजे सोलापुरात जरा अवघडच," मी म्हटलं. आमच्याकडची चादर जुनी होते, पण फाटत नाही.

"आणि गच्चीवरची टाकी?"

"टाकीचं झाकण उघडायच्या आधी दोन मिनिटं लांब उभं राहून बघायचं. एका वाटेनं माश्या येत-जात असतील तर खाली उतरायचं. चांगले चांगले प्लंबर त्या शिडीवरून पडलेत, डसण्यापेक्षा दचकून."

नळाचा जोर कमी झाला होता. वैनींनी मुलाला हाक मारून फवाऱ्याचा डबा काढून घेतला, कूलरची वायर काढायला लावली आणि पेस्ट कंट्रोलचा नंबर शोधायला बसवलं. छज्ज्यावरच्या घराला अभय मिळालं. मामंजी माळ ओढत आत गेले. मास्तरीणबाईंनी मास्तरांना आतून हाक मारली, चहा गार होतोय म्हणून.

वैनी मात्र भिंतीवरून हलेनात. "अक्का, एक विचारू? आपल्या भिशीमंडळाच्या अध्यक्षीणबाई मुलाकडं पुण्याला चालल्यात कायमच्या. त्या गेल्या की त्यांच्या जागी कोण खवळून उठंल?"

"ते तर तुम्हाला ठाऊक असेलच की वैनी."

"ठाऊक आहे वो," वैनी पाइप गुंडाळत म्हणाल्या. "म्हणून तर तिच्याशी आत्तापासून गोड बोलायला लागलेय."